डबल एक्सएल म्हणजे फुगवलेला मीडियम नव्हे

हेडफोन लावलेत ना? चला, आज थेट ट्रायल रूममध्ये जाऊया.

डबल एक्सएलची कुर्ती अंगात घातली. छातीवर बटणं ताणली जातायत, बाही दंडात रुततेय, आणि खांद्याची शिलाई मात्र खाली ओघळलीय. एकाच कुर्तीत घट्टही आणि ढगळही! बाहेरून मैत्रीण विचारते, "झालं का गं?" आणि आपण मनात म्हणतो, "आधी बारीक होते, मग घेईन."

थांब. बिघडलंय ते कापताना. तुझ्या अंगाचा त्यात काय दोष?

होतं असं, की रेडिमेड कपड्याचा पॅटर्न आधी एका मधल्या मापावर बसवतात. मग प्रत्येक साइझला ठरावीक इंच वाढवत नेतात. याला ग्रेडिंग म्हणतात. पण शरीर असं सगळीकडून सारखं वाढत नाही. वजन वाढलं म्हणून खांद्याचं हाड रुंद होत नाही; वाढतात ते छाती, पोट, दंड, सीट. तेही प्रत्येकीचं वेगवेगळं. म्हणून चांगली डिझायनर मोठ्या मापांसाठी वेगळा पॅटर्न काढते आणि तो तशाच अंगाच्या बाईवर घालून बघते.

आपल्याकडे तर साइझचे चार्टसुद्धा बरेचसे अमेरिका-ब्रिटनकडून उसने घेतलेले. म्हणूनच निफ्टने 'इंडियासाइझ' हे सर्वेक्षण हाती घेतलं. मुंबईसह 6 शहरांत, 15 ते 65 वयाच्या 25 हजार लोकांची मापं थ्रीडी स्कॅनरने घ्यायची, असं त्याचं उद्दिष्ट.

पण तुझ्या गल्लीतल्या टेलरकाकू आजही हे करू शकतात. त्यांना चार गोष्टी सांग.

एक, छातीच्या नेहमीच्या मापासोबत काखेखालून, छातीच्या वरच्या बाजूने आणखी एक माप घ्यायला सांग. खांदा आणि गळा या मापावर कापायचा. छातीला लागणारं जास्तीचं कापड फक्त पुढच्या भागात, टक्समधून द्यायचं. आणि हो, ज्या ब्रावर तो कपडा घालणार, तीच घालून माप दे.

दोन, दंडाचं माप हात कोपरात वाकवून.

तीन, सीटचं माप उभ्याने आणि बसूनही. बसल्यावर घेर वाढतो, आणि आपण कॉलेजात, ऑफिसात बसूनच तर असतो!

चार, आत एक इंच मार्जिन. अंग कमी-जास्त होतं, कपडा फेकावा लागू नये.

आता एक गंमत. मुंढा खोल ठेवला की हाताला मोकळीक मिळते, असं वाटतं ना? उलट होतं. लोकलमध्ये वरची कडी धरलीस, की अख्खी कुर्ती वर सरकते. मुंढा काखेच्या जवळ आणि बाही दंडाला पुरेशी रुंद असेल, तर हात सहज वर जातो आणि कुर्ती जागेवर राहते.

आणि स्टाइल? "काळंच घाल, आडव्या रेषा नकोत, मोठी फुलं नकोत..." हे सगळे सल्ले लपण्याचे. फिटिंग नीट बसलं की पिवळा घाल, चौकडा घाल, स्लीव्हलेस घाल. तुला आवडलं, एवढं कारण पुरे.

पुढच्या दिवाळीसाठी नको, या महिन्यातल्या अंगासाठी एक कपडा शिवून घे. कसा झाला ते नक्की कळव. भेटू पुढच्या भागात!