न उघडलेली कडी

दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांचे जीव फक्त आघाडीवर गेले नाहीत, सरावाच्या धावपट्टीवरही गेले. मेबल रॉलिन्सन ही त्यांतलीच एक.

अमेरिकेत कॅलामाझूच्या ग्रंथालयात नोकरी करता करता मेबल विमान चालवायला शिकली आणि ‘वास्प’ या महिला वैमानिक दलात दाखल झाली. २३ ऑगस्ट १९४३ च्या रात्री नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅम्प डेव्हिस तळावर तिचा ए-२४ विमानावर सराव चालू होता. इंजिनात बिघाड जाणवला, म्हणून तिने विमान उतरवायला घेतलं. धावपट्टीच्या टोकाशी ते झाडांच्या शेंड्यांवर आदळलं, दुभंगलं आणि पेटलं. मागे बसलेला प्रशिक्षक बाहेर फेकला गेला, म्हणून वाचला. मेबल मात्र आतच अडकली. कॉकपिटवरच्या झाकणाची कडी नादुरुस्त होती, ती आतून उघडेना. एका साध्या कडीने तिचा घात केला.

‘वास्प’मधल्या ३८ जणींनी सेवेत असताना प्राण गमावले. त्यांना लष्करी दर्जा नव्हता. त्यामुळे ना लष्करी मानवंदना, ना कुटुंबाला भरपाई. पार्थिव घरी पोचवायला मैत्रिणीच वर्गणी काढत.

या महिलांना माजी सैनिकांचा दर्जा मिळाला तो १९७७ मध्ये, आणि अमेरिकी काँग्रेसचं सुवर्णपदक २००९ च्या कायद्याने. तोवर अनेक जणी हयात नव्हत्या. श्रोतेहो, यंत्रातला बारीकसा बिघाडही ‘नंतर बघू’ म्हणून सोडू नका. वेळेवर केलेली दुरुस्ती जीव वाचवते.