रात्रीचा स्लो शटर: रंग ठेवायचा की काढायचा?

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच गोष्ट विचारली. रात्री शटर स्लो ठेवून काढलेला, हललेला फोटो रंगीत ठेवायचा की ब्लॅक अँड व्हाइट करायचा? "जो भारी दिसेल तो" हे उत्तर मला पटत नाही. आधी उजेड बघायचा.

रस्त्यावरचा जुना सोडियम दिवा असेल, तर त्याच्या उजेडात निळा भाग फारच कमी असतो. त्याखाली निळा शर्ट काळपट दिसतो, आणि व्हाइट बॅलन्स कितीही सरकवला तरी तो निळा नीट परत येत नाही. कॅमेऱ्यात जो रंग आलाच नाही, तो काढून तुमचं काय जाणार? पण कधी कधी तो पिवळाच त्या जागेचा चेहरा असतो. 2015 मध्ये मरीन ड्राइव्हवर पांढरे एलईडी लावले, तेव्हा मुंबईत केवढी ओरड झाली होती! पुढे पिवळसर उजेड परत आणला.

मग बघायचं, हलतंय काय? जेजुरीचा दसरा रात्रभर चालतो. अर्ध्या सेकंदाच्या शटरला उधळलेला भंडारा पिवळ्या धुक्यासारखा पसरतो. रंग काढलात तर भंडारा गेला, उरला नुसता धूर. एर्न्स्ट हासने 1956 मध्ये स्पेनमधली बैलझुंज स्लो शटरवर रंगीत टिपली, तिथेही रंगच धावतो. उलट अलेक्सी तितारेंकोने 1990 च्या दशकात सेंट पीटर्सबर्गमधली गर्दी लांब एक्स्पोजरने काढली, ती कृष्णधवल. माणसं सावल्यांसारखी विरघळलेली. तिथे रंगीबेरंगी कोट दिसले असते तर सगळा परिणामच गेला असता.

आता माझं स्वतःचं सांगतो. माझे काका दादरच्या फूलबाजारात हमाली करायचे. काम सोडून गावी जायच्या आधी पहाटे चार वाजता मी त्यांचे फोटो काढले. शटर पाव सेकंद, डोक्यावर झेंडूची पाटी, काका चालतायत. रंगीत फोटोत डोळा आधी झेंडूवर जातो, मग मागच्या निळ्या ताडपत्रीवर, आणि काका तिसऱ्या नंबरला. ब्लॅक अँड व्हाइट केल्यावर मानेच्या ताणलेल्या शिरा दिसल्या आणि पुसट झालेली पावलं. एक गंमत सांगतो. एडिटिंगमध्ये केशरी स्लायडर वाढवला की झेंडू उजळतो आणि चेहराही उजळतो, कारण आपल्या त्वचेचा रंग त्याच पट्ट्यात बसतो. ताडपत्रीचा निळा खाली ओढला की मागचं सगळं अंधारात जातं. मला तोच फोटो हवा होता.

काकूंनी बघितला आणि म्हणाल्या, "अरे, हा भिंतीवर नको लावू. हार घालायचाच बाकी आहे."

आपल्याकडे भिंतीवरचा काळा-पांढरा फोटो म्हटलं की काय आठवतं, ते वेगळं सांगायला नको. घरात रंगीत लागला. माझ्या सिरीजमध्ये ब्लॅक अँड व्हाइटच आहे. फोटो कोण बघणार आणि कुठे, हाही निवडीचाच भाग आहे, आणि यूट्यूबवरचे टिप्सवाले हे सहसा सांगत नाहीत.

फोनवाल्यांसाठी थोडक्यात. नाइट मोड वापरू नका. तो बऱ्याच फ्रेम जुळवून हललेलं स्थिर करायला बघतो, आणि आपल्याला तर हललेलंच हवंय. प्रो मोडमध्ये जा, आयएसओ 100 च्या आसपास, फोन कशाला तरी टेकवा, आणि रॉमध्ये काढा. रॉमध्ये रंग शाबूत राहतो. मोनो फिल्टर लावून नुसती जेपेग काढलीत तर तो कायमचा गेला. आणि "फोटो खराब आलाय, नॉइज दिसतोय, करून टाक ब्लॅक अँड व्हाइट" असं करणारे खूप आहेत. रंगांचे ठिपके जातात, मान्य. पण फोटोत बघण्यासारखं काही नसेल तर ते तसंही येत नाही.

या आठवड्यात एकाच फ्रेमची दोन्ही रूपं पाठवा. त्यातलं घरच्यांनी कुठलं निवडलं, तेही लिहा. पुढच्या भागात ट्रायपॉडशिवाय फोन स्थिर कसा ठेवायचा ते बघू.