तिसऱ्या वेळी तो शोधायला गेला नाही

आजचा भाग एका कादंबरीवर आहे आणि त्यात शेवटापर्यंतचे सगळे स्पॉयलर आहेत. पुस्तक वाचायचं असेल तर इथेच थांबा, वाचून या.

पुस्तकाचं नाव रिडीमिंग लव्ह. लेखिका फ्रान्सिन रिव्हर्स. पहिली आवृत्ती १९९१ ची, पुढे १९९७ मध्ये सुधारलेली आली आणि २०२२ मध्ये त्यावर सिनेमाही निघाला. सिनेमा मी अर्ध्यात बंद केला, त्यावर बोलत नाही. माझी एक टीममेट आहे, वसईची. तिच्या आईकडची जुनी प्रत तिने मला दिली. कव्हर बघून मी म्हटलं, अगं, ही लव्हस्टोरी आहे, तीही धार्मिक, माझं काय काम? ती म्हणाली, वाच, मग बोल.

तिने ते का दिलं हे मला माहीत होतं. तेव्हा घरी ताईचं सगळं चाललं होतं. (ताईला विचारूनच सांगतोय हे.) चार वर्षं सासरी जे झालं ते झालं, आणि ती पुण्याला माझ्या फ्लॅटवर राहायला आली. मी तिला बरं करायचं मनावर घेतलं. शब्दशः. एक शीट बनवली होती मी! काउन्सेलरच्या वेळा, वकिलाच्या तारखा, सकाळचा वॉक, एक ऑनलाइन कोर्स. तीन महिने ती सगळं निमूट करत होती. मग एका रविवारी बॅग भरून कोल्हापूरला निघून गेली. तिथे खोली घेतली, नोकरी धरली. मी गाडी काढून तिला आणायला गेलो. तिने टपरीवर मला चहा पाजला आणि परत पाठवलं.

आता गोष्ट सांगतो. काळ १८५०, जागा कॅलिफोर्निया. १८४८ च्या जानेवारीत तिथे सोनं सापडलं आणि जगभरातून माणसं लोटली, जवळजवळ सगळे पुरुष. तंबूंची गावं उभी राहिली, आणि त्यांच्या मागोमाग जुगाराचे अड्डे आणि कोठे. अशाच एका गावातल्या कोठ्यावर एंजल आहे. आठ वर्षांची असताना तिला विकलेलं. खरं नाव ती कुणालाच सांगत नाही. तेवढंच तिच्या मालकीचं उरलंय. मायकल होझिया नावाचा शेतकरी तिला पाहतो, त्याला वाटतं की देवाने त्याला सांगितलंय, हिच्याशी लग्न कर. देवाचा आवाज पुस्तकात वेगळ्या टायपात छापलाय. मला आधी हसू आलं. नंतर सवय झाली.

हे नाव उगाच ठेवलेलं नाही. बायबलच्या जुन्या करारात होशेय नावाचा संदेष्टा आहे. त्याची बायको गोमर त्याला सोडून जाते आणि तो तिला पंधरा शेकेल चांदी आणि थोडं जव देऊन परत आणतो. रिडीम म्हणजे तेच, गहाण पडलेला दागिना आपण सोडवून आणतो ना, तसं. पण दागिना सोडवला की कपाटात जातो. माणसाचं काय करायचं? पुस्तक वाचताना मला हाच प्रश्न सारखा पडत होता.

कारण सुरुवात खटकतेच. एंजलला मारहाण झालीय, ती धड शुद्धीवर नाही, आणि त्या अवस्थेत मायकल तिला लग्नाचं विचारतो. ती काहीतरी होकारासारखं पुटपुटते, आणि झालं लग्न! याला होकार म्हणत नाहीत. मायकल कितीही सज्जन असला तरी नाही. टीममेटशी माझं यावर कडाक्याचं भांडण झालं. ती म्हणाली, पुढे वाच.

पुढे एंजल पळून जाते. मायकल जाऊन, हाणामारी करून तिला परत आणतो. काही दिवसांनी ती पुन्हा जाते. तो पुन्हा जाऊन आणतो. मला तो मायकल ओळखीचा वाटायला लागला. पुणे ते कोल्हापूर गाडी हाणणारा.

तिसऱ्यांदा ती जाते ते वेगळ्या कारणाने. तिला मूल होणार नाही, तशी सोय तिच्या मालकाने लहानपणीच डॉक्टरकडून करून घेतलेली. तिला वाटतं, शेजारच्या मिरियमशी याने संसार थाटावा, याला मुलंबाळं व्हावीत. म्हणजे ती प्रेमापोटीच जाते. आणि या वेळी मायकल मागे जात नाही. शेत नांगरतो, प्रार्थना करतो, रडतो. जात नाही. तीन वर्षं!

एंजल खरी बरी होते ती या तीन वर्षांत. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये एका खाणावळीत स्वयंपाक करते, स्वतःच्या कमाईवर जगते. जुना मालक तिला पुन्हा गाठतो. तिला स्टेजवर उभं करतो, तेव्हा तिच्या तोंडून भजन निघतं. समोर बसलेला एक बँकवाला उठून तिला तिथून सोडवतो. पुढे ती तिच्यासारख्या मुलींसाठी एक घर काढते. श्रद्धाही तिला इथेच सापडते, मायकलच्या घरात नाही. तिथे ती त्याची होती, इथे तिची झाली. रोमान्सच्या पुस्तकात हिरोला तीन वर्षं गोष्टीच्या कडेला बसवायचं, याला हिंमत लागते.

मुलींचं ते घर वाचताना मला आपल्याकडची एक गोष्ट आठवली. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. तिथे वाँटेजच्या सिस्टर्सनी त्यांना लंडनच्या फुलहॅम भागातलं एक घर दाखवलं, समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायकांसाठीचं. अशा बाईला कुणी माणूस म्हणून वागवतं, हे त्यांनी तिथे पाहिलं, आणि ख्रिस्ती धर्माकडे वळताना ते त्यांच्या मनात होतं. नंतर दौंडजवळ केडगावला त्यांनी स्वतः मुक्ती मिशन उभं केलं, त्यात अशा बायकांसाठी कृपासदनही होतं. म्हणजे कादंबरीतलं हे घर काही हवेतलं नाही.

परत गोष्टीकडे. तिला शोधायला शेवटी जातो तो पॉल, मायकलच्या मेलेल्या बहिणीचा नवरा. आता हा कोण? एकदा एंजल पळून जाताना याने तिला गाडीत घेतलं होतं आणि त्याचं भाडं तिच्या शरीराने वसूल केलं होतं. वर तिलाच घाण म्हणत राहिला. तोच जाऊन तिची माफी मागतो. मला वाटतं, पुस्तकातलं सगळ्यात अवघड बरं होणं या पॉलचं आहे. याच्यावर लेखिकेने अजून पन्नास पानं खर्च करायला हवी होती.

मग ती घरी येते, स्वतःहून, आणि मायकलला आपलं खरं नाव सांगते. सेरा. पुस्तक तिथे संपलं असतं तर काय मजा आली असती! पण शेवटी एक पुरवणी आहे, आणि त्यात कळतं की तिला पुढे मुलं झाली. चमत्कार. इथे माझी चिडचिड झाली. श्रद्धा असणाऱ्यांना हे आशीर्वादासारखं वाटेल, ते मला समजतं. पण मूल नसताही ती पूर्ण बरी झाली होती की! आपल्याकडे नातेवाईक काय म्हणतात, दुसरं लग्न होऊ दे, एक मूल होऊ दे, सगळं विसरेल. ताईने हे किती वेळा ऐकलंय ते मला माहितीये.

तर मी शीट डिलीट केली. कोल्हापूरला जाणं बंद केलं. रोजचे फोनही बंद केले, आणि ते सोपं नव्हतं, पहिल्या आठवड्यात तर फोन हातात घेऊन नुसता बसायचो. आई म्हणाली, तुला बहिणीची काळजी नाही. मी काय उत्तर देणार? पाच आठवड्यांनी एका रविवारी ताईचाच फोन आला. गॅसची टाकी कशी बुक करायची विचारायला. वीस मिनिटं बोललो, टाकीबद्दल दोन मिनिटं.

ती अजून कोल्हापुरातच आहे. दिवाळीत आली होती, जाताना पुस्तक घेऊन गेली. मागच्या आठवड्यात मेसेज आला, दोनशे पानं झाली, हा मायकल फार बोलतो. मी म्हटलं, पुढे वाच. टीममेट तिकडे विचारतेय, आईचं पुस्तक कधी देतोस. तिला सांगितलंय, ताईचं संपलं की.

पुढच्या भागात भेटू.