सोबत नव्हे, कामच!
(वर्धापनदिनी विहारात केलेले भाषण)



मी गिरणीत साच्यावर उभा राहिलेला माणूस. भोंगा झाला की पाळी सुटायची. पुढे थांबलो तर ओव्हरटाईम, तोही दुप्पट. हे काही मालकाने खुशीने दिले नाही. 1946 साली मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी कारखाना कायद्यात दुरुस्ती आणली, तेव्हा आठवड्याचे 54 तास 48 वर आले.

पण परक्याच्या घरी म्हातारे-आजारी माणूस सांभाळणाऱ्या बाईचा भोंगा कोण वाजवणार? श्रीमंत अमेरिकेतही हाच प्रश्न. तिथे जादा तासाला दीडपट पगाराचा कायदा 1938 चा. 1974 साली घरकामगार त्यात आले, पण आजाऱ्याची सेवा करणारीला ‘सोबतीण’ ठरवून वगळले! जमैकाहून आलेली एव्हलिन कोक कधीकधी सलग चोवीस तास राबायची. ती कोर्टात गेली. 2007 साली सुप्रीम कोर्टात हरली, 2009 साली वारली. पण तिचे भांडण वाया गेले नाही. 2013 साली सरकारने नियम बदलला आणि 2015 साली एजन्सीच्या बायांनाही दीडपट लागू झाले. 2025 साली मात्र तिथल्याच कामगार खात्याने ते काढून घेण्याचा प्रस्ताव मांडला.

म्हणजे मिळालेला हक्कही राखावा लागतो. आपल्या वस्तीतल्या मायभगिनी ब्युरोतर्फे बारा-बारा तास ड्युटी करतात. त्यांना माझे एवढेच सांगणे : रोज आल्या-गेल्याची वेळ वहीत लिहा. लिहिता येत नसेल तर लेकरांकडून लिहून घ्या. तासांचा हिशोब हातात नसेल तर हक्क कशाच्या जोरावर मागणार?

जय भीम! नमो बुद्धाय!