गरिबाच्या मुलाचे कॉलेज



गुरुकुंजात बोलावयाचे म्हणजे खेड्याविषयी बोलावे, अशी अपेक्षा असते, आणि ती रास्त आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली येथे आश्रम उभारला तो ग्रामोद्धाराचे काम डोळ्यांपुढे ठेवूनच. तरीही आज आम्ही शहरातल्या एका मुलाविषयी बोलणार आहोत; कारण तो मुलगा आपल्याला परका नाही. कोरडवाहू कपाशीवर पोट भरेना म्हणून या टापूतून जी घरे अमरावतीस आणि अकोल्यास गेली, त्यांचेच ते लेकरू. बाप बाजारात हमाली करतो, ऑटोरिक्षा चालवितो किंवा गवंड्याच्या हाताखाली राबतो. आई चार घरची धुणीभांडी करते. एके काळी अशा पुष्कळ घरांना गिरणीचा आधार होता. बडनेऱ्याची विजय मिल, अकोल्याची सावतराम मिल चालत होत्या तोवर कामगाराच्या घरी दरमहा ठरलेला पगार येई. त्या गिरण्या बंद पडल्या. आता मिळकत येते ती रोजची, आणि पावसाची झड लागली की तीही नाही. कॉलेज मात्र पैसे मागते ते एकरकमी.

लोक आम्हांला विचारतात की, शहरातल्या मुलाला कॉलेज तर दाराशी आहे, मग त्याची अडचण ती कसली? फी माफ झाली की झाले! हा समज फार पसरलेला आहे, म्हणून त्याचा हिशेब आधी मांडू.

कॉलेजच्या शिक्षणाला चार प्रकारचा खर्च लागतो. पहिला फीचा. दुसरा पुस्तकांचा, परीक्षेचा, जाण्यायेण्याचा. तिसरा राहण्या-जेवण्याचा. आणि चौथा, जो कोणत्याही पावतीवर छापलेला नसतो, तो म्हणजे बुडालेल्या मजुरीचा. अठरा वर्षांचा धट्टाकट्टा मुलगा तीन वर्षे वर्गात बसतो म्हणजे त्या घराची तीन वर्षांची एक मजुरी जाते. बाप शिकलेला नसेल, पण हे गणित त्याला तोंडपाठ असते. ‘बी. ए. होऊन तरी काय करणार?’ असे तो म्हणतो तेव्हा त्याला शिक्षणाचा शत्रू समजू नका. त्याने वस्तीत पदवी घेऊन रिकामे बसलेले तरुण पाहिले आहेत. त्याचा प्रश्न खरा आहे. त्याला उत्तर व्याख्यानाने देऊन भागणार नाही. त्याचे ओझे हलके करूनच ते द्यावे लागेल.

ज्यांनी आपल्याकडे गरिबाला शिकविले, त्यांना हे चारही खर्च दिसत होते. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात वसतिगृह काढले, कारण जेवणाची आणि झोपण्याची सोय नसेल तर बहुजनांचे मूल शाळेपर्यंत पोहोचतच नाही, हे त्यांनी ओळखले होते. आपल्या अमरावतीत डॉ. पंजाबराव देशमुख विलायतेहून बॅरिस्टर होऊन आले. मनात आणते तर वकिलीत खोऱ्याने पैसा ओढते. पण त्यांनी श्रद्धानंद छात्रालयाच्या रूपाने सर्व जातींच्या मुलांना एका छपराखाली आणले आणि पुढे श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. अकोल्याचे शिवाजी महाविद्यालय १९५४ सालचे. तेही याच संस्थेचे. गाडगेबाबांनी तर पंढरपूरची आपली चोखामेळा धर्मशाळा विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. ताट मोडावे लागले तरी चालेल पण पोर शिकवा, असे कीर्तनातून सांगणारा हा वऱ्हाडचा साधू. त्याचेच नाव आज अमरावती विद्यापीठाला आहे.

परंतु मजुरीच्या प्रश्नाला हात घालणारी दोन उदाहरणे आम्हांला विशेष महत्त्वाची वाटतात. पहिले बाबासाहेबांचे. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले, तेव्हा तेथील वर्ग सकाळी भरविण्यात आले. हेतू असा की, मुलाने सकाळी शिकावे आणि दिवसा कचेरीत नाहीतर दुकानात नोकरी करावी. यात देणगीचा प्रश्न नव्हता, इमारतीचाही नव्हता; फक्त घड्याळाचे काटे गरिबाच्या सोयीने फिरविले होते. दुसरे उदाहरण कर्मवीर भाऊराव पाटलांचे. १९४७ साली साताऱ्यास त्यांनी छत्रपती शिवाजी कॉलेज काढले आणि ‘कमवा आणि शिका’ हा त्याचा पाया केला. मुलाने अंगमेहनत करावी, त्या श्रमातून शिक्षणाचा खर्च भागवावा. यामुळे विद्यार्थ्याची मान खाली गेली नाही. उलट हाताला घट्टे पडलेला मुलगाही पदवीधर होतो, हे महाराष्ट्राने पाहिले.

पुढे सरकारनेही भार उचलला. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासूनची. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना वर्षाला १२०० रुपयांच्या आत मिळकत असलेल्या घरच्या मुलांना फी माफ झाली, ‘ई.बी.सी.’ हा शब्द तेव्हापासून घरोघरी गेला. आज उत्पन्नाची मर्यादा ८ लाखांची आहे, आणि २०२४ पासून अशा घरच्या आर्थिक दुर्बल व मागास गटांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ आहे. हे लहान काम नव्हे.

मग अडते कोठे? अडते ते दोन ठिकाणी.

पहिली अडचण वेळेची. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरावयाचा, उत्पन्नाचा दाखला तहसिलीतून आणावयाचा, बँकेचे खाते आधारला जोडावयाचे. एका दाखल्यासाठी बापाचे दोन रोज बुडतात. एवढे करून पैसा हाती पडतो तो पुष्कळदा वर्ष सरता सरता. कॉलेजच्या खिडकीवर मात्र जून-जुलैतच रक्कम मागतात. मधले आठ-दहा महिने ज्याला सावकार नाही, बचत गट नाही, त्याने काय करावे?

दुसरी अडचण अशी की, शहरातला गरीब मुलगा नियमांच्या फटीत सापडतो. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना राहण्या-जेवणासाठी रक्कम देणारी ‘स्वाधार’ योजना आहे. परंतु विद्यार्थी त्याच शहरचा रहिवासी नसावा, अशी तिची अट आहे. बाहेरगावच्या मुलासाठी ती योग्यच. पण वस्तीतल्या मुलाला ‘तुझे घर येथेच आहे’ असे सांगून परत पाठविताना ते घर केवढे आहे, हे कोणी पाहत नाही. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे, एक दिवा आणि शेजारी रात्री उशिरापर्यंत लग्नाचा बँड! त्याला छप्पर आहे. अभ्यासाला जागा नाही.

त्यात आता नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीला चौथे वर्ष जोडले आहे. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडण्याची मुभा आहे, हे खरे. पण मग चौथे वर्ष कोणाचे? ज्याच्या घरी एका मजुरीवाचून अडत नाही, त्याचे. दोन प्रतींच्या पदव्या निर्माण होऊ नयेत असे वाटत असेल, तर विचार आजच करावयास हवा.

सरकारने शिष्यवृत्ती वेळेवर द्यावी, ही मागणी आपण करूच. परंतु सरकारकडे बोट दाखवून सभा संपविणे सोपे असते. गावाने आणि शहराने करण्याजोगी चार कामे आहेत. प्रत्येक कॉलेजगावी काही वर्ग सकाळी सातला भरावेत, म्हणजे अकरापासून मुलगा कामावर जाऊ शकेल. प्रत्येक वस्तीत एक अभ्यासिका रात्री अकरापर्यंत उघडी असावी. नगरपालिकेची शाळा, देवळाचा सभामंडप, बुद्धविहार, यांपैकी काहीही चालेल. व्यापाऱ्यांनी आणि जुन्या विद्यार्थ्यांनी मिळून एक उसनवार निधी ठेवावा. त्यातून जूनमध्ये फी भरावी आणि शिष्यवृत्ती आली की मुलाने बिनव्याजी परत करावी. तोच पैसा पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या कामी येईल. आणि पेन्शनरांनी आठवड्यातून एक दिवस बसून मुलांचे अर्ज भरून द्यावेत.

या कामांना मोठी देणगी लागत नाही. वऱ्हाडात सप्ताहाचे जेवण हजारो पानांचे होते, आणि त्यासाठी कोणाला नोटीस पाठवावी लागत नाही. भाकरी अमक्या घरची, वरण तमक्या घरचे, असे ठरते आणि पंगत उठते. तीच रीत एका मुलाच्या फीसाठी लावावयाची आहे. येत्या जूनमध्ये आपल्या ओळखीच्या एका घरी जाऊन, ‘पोराची फी भरली का?’ एवढे विचारावे. उत्तर नकाराचे आले तर त्या मुलाबरोबर कॉलेजच्या खिडकीपर्यंत जावे.