अहवाल निर्दोष, तरी थकवा का?

सुरत शहरातून तापी ओलांडून उत्तरेस निघाले की बडोद्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर कोसाड नावाचे स्थानक लागते. एके काळचे हे खेडे आज महानगरपालिकेच्या हद्दीत आले असून पालिकेने बांधलेल्या घरकुलांच्या इमारती तेथे दाटीने उभ्या आहेत. सुरतेच्या यंत्रमागांवर बारा-बारा तासांच्या पाळ्या चालतात. पुरुष पाळीवर जातो, आणि पुष्कळ घरांतील स्त्री स्वयंपाकपाणी आटोपून साडीला लेस लावण्याचे किंवा टिकल्या चिकटविण्याचे काम घेऊन बसते. पोटासाठी खानदेशातून सुरतेस आलेली मराठी कुटुंबेही याच राहाटीत रुळलेली आहेत.

अशा एखाद्या घरातील गृहिणी डोळ्यांपुढे आणावी. सहा-आठ महिन्यांपासून तिच्या अंगात त्राण उरलेले नाही. रात्रभर झोपूनही सकाळी उठताना अंग गळून गेलेले असते. कामाचा दिवस बुडवून ती डॉक्टरांकडे जाते. रक्त तपासले जाते, छातीचे छायाचित्र निघते आणि सर्व अहवाल निर्दोष येतात. ‘तुम्हांला काही झालेले नाही,’ असे तिला सांगण्यात येते. या शब्दांनी वस्तुतः आनंद व्हावा. पण ती घरी परतते ती अधिकच खिन्न होऊन. पूर्वी तिच्यापाशी केवळ थकवा होता. आता त्या थकव्याला पुरावा नाही, हेही कागदावर नोंदले गेले आहे. सासूबाईंना तो कामचुकारपणा वाटतो, नवऱ्याला पैसे वाया गेलेसे वाटते. आणि अखेरीस कोणीतरी ताकदीची बाटली चढविण्याचा सल्ला देतो.

‘काही सापडले नाही’ आणि ‘काहीच नाही’ या दोन वाक्यांत मोठे अंतर आहे. तपासणी तिला विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते. हिमोग्लोबिन योग्य असले, तरी शरीरातील लोहाचा साठा रिता होत आलेला असू शकतो. तो जाणण्यासाठी फेरिटिन नावाची वेगळी तपासणी करावी लागते. थकलेल्या, परंतु रक्तक्षय नसलेल्या १४४ स्त्रियांवर केलेला एक प्रयोग २००३ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ज्यांचा लोहसाठा कमी होता, त्यांना लोहाच्या गोळ्यांनी उतार पडला. शाकाहारी माणसात ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव सहज संभवते. कंठग्रंथीचे मांद्य, मधुमेह, झोपेत श्वास अडखळणे आणि सर्दीच्या किंवा रक्तदाबाच्या काही औषधांचा परिणाम, ही थकव्याची आणखी काही कारणे होत. तेव्हा अहवाल निर्दोष आला, तर पहिला प्रश्न हा की, नेमके तपासले काय?

पण हे सारे तपासूनही उत्तर न मिळाले तर? या बाबतीत गोव्यातील एक पाहणी लक्षात घेण्याजोगी आहे. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या क्षेत्रातील १८ ते ५० वर्षे वयाच्या सुमारे २,५०० स्त्रियांची माहिती घेतली. तिचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. सहा महिने किंवा अधिक काळ थकवा असल्याची तक्रार शेकडा १२ स्त्रियांनी केली. रक्ताचीही तपासणी झाली होती. परंतु हिमोग्लोबिनशी या थकव्याचा संबंध आढळला नाही. संबंध आढळला तो वाढत्या वयाशी, तुटपुंज्या शिक्षणाशी, घरावरील कर्जाशी, उपासमारीशी, पतीकडून होणाऱ्या अत्याचाराशी आणि मनःस्तापाशी. रक्ताच्या थेंबात जे उमटत नाही, ते संसाराच्या हिशेबात उमटलेले होते.

मात्र यावरून ‘सारा मनाचाच खेळ’ असा निष्कर्ष काढणे ही दुसरी चूक ठरेल. या चुकीचाही इतिहास आहे. १९५५ च्या जुलैमध्ये लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात परिचारिका आणि डॉक्टर एकामागून एक आजारी पडू लागले. बाधितांची संख्या तीनशेच्या घरात गेली आणि रुग्णालय काही काळ बंद ठेवावे लागले. कित्येकांचा अशक्तपणा दीर्घकाळ टिकला. पुढे १९७० साली दोन मानसोपचारतज्ज्ञांनी, एकाही रुग्णास प्रत्यक्ष न तपासता, जुन्या नोंदी वाचून ही सामूहिक उन्मादाची साथ होती असे मत मांडले. आजारी स्त्रियांच्या माथी तो शिक्का बराच काळ राहिला.

१९८८ साली अमेरिकेत या व्याधीस ‘दीर्घकालीन थकवा लक्षणसमूह’ असे नाव मिळाले. २०१५ साली तेथील वैद्यक संस्थेने तिची लक्षणे स्पष्ट केली. सहा महिन्यांहून अधिक काळ कामकाज खुंटविणारा थकवा, विश्रांती न देणारी झोप, आणि विशेष म्हणजे थोड्याशा श्रमानंतर, कित्येकदा दुसऱ्या दिवशी, प्रकृतीने एकदम ढासळणे. याच्या जोडीला विस्मरण किंवा उभे राहताच येणारी घेरी. कोविडच्या साथीनंतर अशाच तक्रारी जगभर ऐकू आल्या. या व्याधीची खूण पटविणारी रक्ततपासणी अद्याप उपलब्ध नाही. निदान रुग्णाच्या तोंडच्या हकिकतीवरूनच करावे लागते. अशा रुग्णाला ‘व्यायाम वाढवा’ असे सांगणे घातक ठरू शकते. ब्रिटनच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेने चढत्या व्यायामाचा उपचार वगळून, आहे त्या शक्तीच्या मर्यादेत काम बेताने वाटून घेण्याचा सल्ला दिला आहे.

मग कोसाडच्या त्या गृहिणीने काय करावे? दोन आठवडे एका वहीत टिपण ठेवावे: झोप किती झाली, पोटात काय गेले, मासिक स्राव किती झाला, कोणत्या कामानंतर आणि किती वेळाने शक्ती गेली. लिहिता येत नसेल, तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून लिहून घ्यावे. ते टिपण डॉक्टरांपुढे ठेवावे. चालू असलेली औषधे दाखवावी. घरातील ताणही लपवू नये. वजन घटणे, संध्याकाळचा ताप, दोन आठवड्यांहून जुना खोकला किंवा धाप लागणे, यांपैकी काही असल्यास विलंब न करता पुन्हा तपासून घ्यावे. बाटली चढवून घेण्याने क्षणिक बरे वाटेल. कारण मात्र जागच्या जागी राहील.

डॉक्टरांनी ‘काही नाही’ म्हणण्याऐवजी ‘अजून कळले नाही, पुन्हा या’ एवढे म्हटले, तरी रुग्णाचा अर्धा भार हलका होतो. आणि घरच्यांचे कर्तव्य त्याहून सोपे आहे. पाण्याची एक घागर दुसऱ्या कोणी उचलावी, लेस लावण्याच्या साड्या चार कमी घ्याव्या, आणि थकले आहे असे जी म्हणते तिच्या शब्दावर विश्वास ठेवावा. ज्या आजाराला यंत्राची साक्ष मिळत नाही, त्यात रुग्णाचा शब्द हाच पहिला पुरावा असतो.