राणीची सही, प्रजेच्या सह्या



तुमच्यापैकी बरेच जण हवाईला जाऊन आले असतील. वायकिकीचा किनारा, ज्वालामुखी, पर्ल हार्बर, गळ्यात फुलांचा हार आणि निघताना 'अलोहा ओए'चे सूर. हे गाणं जिने रचलं ती लिलिउओकलानी, हवाईच्या स्वतंत्र राज्याची शेवटची राणी. टूर गाइड एवढं सांगतो आणि बस पुढे निघते. मी आज त्याच्या पुढचं सांगणार आहे, आणि तेही मुख्यतः कागदांबद्दल. परक्या सत्तेशी लढणारी राणी म्हटली की आपल्याला घोड्यावरची लक्ष्मीबाई आठवते. इथे घोडा नाही, तलवार नाही. इथे निषेधपत्रं आहेत, अर्ज आहेत आणि सह्या आहेत. एकदा तर या सह्यांनी अमेरिकेच्या सेनेटला अडवून धरलं होतं.

मुळात भांडण उसाचं. १८७५ च्या करारानंतर हवाईची साखर अमेरिकेत करमुक्त जाऊ लागली आणि मळेवाल्यांची ताकद वाढत गेली. त्यांतले बरेचसे अमेरिकन मिशनऱ्यांचे मुलगे-नातू. १८८७ मध्ये त्यांनी बंदुकांच्या धाकावर राणीच्या भावाला, राजा कालाकौआला, नवी राज्यघटना मान्य करायला लावली. लोक तिला 'संगिनीची घटना' म्हणतात. त्यातली एक तरतूद आपण इथल्या लोकांनी मुद्दाम ऐकावी. अमेरिकन आणि युरोपियन रहिवाशांना नागरिक न होताच मताचा हक्क मिळाला. वरिष्ठ सभागृहाच्या मतासाठी मालमत्तेची आणि उत्पन्नाची अट घातली, त्यात बहुसंख्य मूळ हवाइयन बाहेर पडले. मळ्यांत राबणाऱ्या चिनी-जपानी मजुरांना तर मत नाहीच. ग्रीन कार्डवर वर्षानुवर्षं टॅक्स भरून मत नाही म्हणून आपण कुरकुरतो. तिथे पाहुणा मत देत होता आणि घरचा माणूस दाराबाहेर उभा होता.

१८९१ मध्ये गादीवर आलेल्या राणीने १४ जानेवारी १८९३ रोजी ही घटना बदलायचं ठरवलं. तिचा मसुदा आदर्श लोकशाहीचा होता असं मी म्हणणार नाही. मूळ रहिवाशांचा मताधिकार त्यात परत येत होता, तसे राजसत्तेचे अधिकारही वाढत होते. पण तो तिच्या देशाचा प्रश्न होता. दोनच दिवसांनी 'बॉस्टन' या युद्धनौकेवरून १६२ अमेरिकन नौसैनिक होनोलुलूत उतरले, आणि १७ तारखेला तेरा जणांच्या समितीने राजसत्ता संपल्याचं जाहीर केलं.

राणीने रक्तपात टाळला आणि एका कागदावर सही केली. तो कागद वाचण्यासारखा आहे. ती शरण गेली ती बंडखोरांना नव्हे, तर अमेरिकेच्या वरचढ बळाला. आणि तेही अमेरिकन सरकार वस्तुस्थिती पाहून आपल्या वकिलाची कृती रद्द करेपर्यंतच. माझ्या मते तिच्या आयुष्यातली ही सर्वात चाणाक्ष चाल. बंडखोरांनी तो कागद निमूटपणे स्वीकारला, आणि प्रकरण आपोआप वॉशिंग्टनच्या दारात गेलं.

राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांनी विलीनीकरणाचा करार मागे घेतला, चौकशी करवली आणि डिसेंबर १८९३ मध्ये काँग्रेसला स्पष्ट कळवलं की हा अन्याय आपल्या सैन्यामुळे झाला. बंडखोरांना माफी द्यायला राणी सुरुवातीला तयार नव्हती. ती तयार झाली तेव्हा त्यांचा नेता सॅनफर्ड डोल याने सत्ता सोडायला नकार दिला. क्लीव्हलंड यांनी बळ वापरलं नाही. १८९५ मध्ये राणीच्या समर्थकांचा उठाव फसला. तिच्याच राजवाड्यातल्या सिंहासनाच्या दालनात तिच्यावर खटला चालला आणि वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत तिला सुमारे आठ महिने कैदेत ठेवलं.

मग आलं १८९७. मॅकिन्ली यांच्या सरकारने पुन्हा विलीनीकरणाचा करार केला. राणी तेव्हा वॉशिंग्टनमध्येच होती. दुसऱ्याच दिवशी तिचं निषेधपत्र दाखल झालं. इकडे बेटांवर 'हुई अलोहा आइना' या देशभक्तांच्या संघटनेने, आणि तिच्या स्त्रियांच्या शाखेने, बेटाबेटावर जाऊन सह्या गोळा केल्या. एमा नावाही आणि अबिगेल कॅम्पबेल या दोघी त्यात आघाडीवर. सह्या झाल्या २१,२६९. मूळ हवाइयनांची संख्या, मिश्र वंशाचे धरून, तेव्हा चाळीस हजारांच्या आसपास होती! चार प्रतिनिधी हे गठ्ठे घेऊन वॉशिंग्टनला गेले आणि सेनेटरांना भेटत राहिले. ते परत निघाले तेव्हा कराराच्या बाजूला फक्त ४६ सेनेटर उरले होते. दोन तृतीयांश मतं जमली नाहीत. करार पडला.

पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. १८९८ मध्ये स्पेनशी युद्ध पेटलं आणि पॅसिफिकमधला तळ हवाच झाला. करार होत नाही तर संयुक्त ठराव, म्हणजे साधं बहुमत पुरे. जुलैमध्ये ठराव झाला, १२ ऑगस्टला झेंडा बदलला.

मला सगळ्यात अस्वस्थ करते ती यानंतरची गोष्ट. शाळांचं माध्यम हवाइयन राहणार नाही असा कायदा १८९६ मध्येच झाला होता. त्या भाषेत शंभर वर्षांहून अधिक काळ वर्तमानपत्रं निघाली, पण ती वाचणारे उरले नाहीत. इतिहास लिहिणाऱ्या बहुतेकांनी इंग्रजी कागद पाहिले आणि लिहून टाकलं की हवाइयन लोकांनी फारसा विरोध केला नाही. मराठी कागद न वाचता कुणी आपला एकोणिसावा शतक लिहिला तर काय होईल, याची कल्पना करा. नोएनोए सिल्वा या हवाइयन अभ्यासक बाईंनी १९९६ मध्ये नॅशनल आर्काइव्हजमधून ते सह्यांचे गठ्ठे पुन्हा उजेडात आणले. तोवर त्या घरांतल्या नातवंडांनाही ते ठाऊक नव्हते.

१९९३ मध्ये काँग्रेसने माफीचा ठराव केला आणि क्लिंटन यांनी त्यावर सही केली. राजघराण्याच्या आणि सरकारच्या मिळून सुमारे अठरा लाख एकर जमिनी भरपाईशिवाय गेल्या, हेही त्यात लिहिलं आहे. २००९ मध्ये मात्र सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की या ठरावामुळे त्या जमिनी विकण्याचा राज्याचा अधिकार जात नाही. तो वाद अजून धुमसतो आहे. आणि सह्यांची पानं आता कुणालाही पाहता येतात. स्त्रियांची वेगळी, पुरुषांची वेगळी, गावागावाप्रमाणे लावलेली. हवाइयन कुटुंबं त्यांत पणजीचं नाव शोधतात.